कुरडयांमधली करपलेली रेघ

१

खामगावात चोऱ्या काही नवीन नाहीत. सरकीची पोती जातात, मोटारसायकली जातात, लग्नसराईत मांडवाबाहेरचे जोडेही जातात. पण भिंग चोरीला गेल्याचं लक्ष्मीकांत टाकळकरांनी आपल्या सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं. तेही मे महिन्यातल्या शनिवारी, सकाळी साडेदहाला, दुसरा चहा बशीत ओतताना.

फोनवर रुख्मिणीवहिनी होत्या. "भाऊजी, जसे असान तसे या. आमच्या यायच्या पेटीतलं मोठं भिंग गेलं. हे पोलिसात निघाले होते, मीच थांबवलं. म्हटलं, आधी लक्ष्मीकांतभाऊजीले येऊ द्या, दिवेलागणीपर्यंत वाट पाहा."

"गेलं म्हणजे फुटलं का?"

"फुटलं असतं तं काचा दिसल्या असत्या. गेलं."

चहा बशीतच राहिला. लक्ष्मीकांतांनी खांद्याला पिशवी अडकवली आणि ते उन्हात बाहेर पडले.

पोलिसांऐवजी यांनाच का बोलवायचं, हे खामगावात कोणाला विचारावं लागत नाही. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक. पोकळ मापं, पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, दांडीत भरलेलं शिसं, असं सगळं त्यांनी कापसाच्या बाजारात हसतमुखानं पकडलं होतं. लोक त्यांना काटेसाहेब म्हणत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सोनाराच्या पेढीवर असतो तसला छोटा काटा अजून पिशवीत असे. बायको म्हणे, काही पुरुष रुमाल घेऊन हिंडतात, आमचे हे काटा घेऊन हिंडतात.

वाटेत त्यांच्या डोळ्यांपुढं ती पेटीच होती. मागच्या दिवाळीत वहिनींच्या यजमानांनी, उकंडराव गावंड्यांनी, ती त्यांना सोनाळ्याच्या शिवारात दाखवली होती. हाताखालच्या हरिओमला बंदुकीवर बसवतात तसली एक दुर्बीण देऊन सहाशे पावलांवरच्या तुरीत लपवला. लक्ष्मीकांतांनी डोळे ताणताण ताणले, हरिओमचा केससुद्धा दिसला नाही. मग उकंडरावांनी पेटीची कळ दाबली. पडद्यावर हिरव्यागार तुरीत एक तांबडी टिकली पेटली. हरिओमनं दुर्बीण खाली केली की ती विझे, डोळ्याला लावली की पुन्हा पेटे.

"बैलाच्या डोळ्यावर बॅटरी मारली तं डोळे चमकतेत का नाई?" उकंडराव म्हणाले होते. "तसंच हाय हे. पेटीतून न दिसणारा उजेड जाते. समोरून कोणी भिंगातून आपल्याकडं पाहून राह्यला असन, तं तो उजेड त्याच्या भिंगात शिरून आल्या वाटेनं परत येते. शत्रू अंग लपवन, बंदूक लपवन. पण नेम धराचा तं दुर्बीण आपल्याकडं करावीच लागते. जो पाह्यते, तो दिसते!"

लक्ष्मीकांतांना त्या दिवशी रात्रभर झोप आली नव्हती. आपल्या गावच्या गल्लीत, शर्टाला पेन्सिल अडकवून हिंडणाऱ्या माणसानं सीमेवरच्या पोरांचे जीव वाचवणारी वस्तू बनवावी, याचा त्यांना इतका अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी दाढी करणाऱ्यालाही त्यांनी ते सांगितलं. आणि परवा, सोमवारी, सैन्याचे अधिकारी भर उन्हात तीच पेटी पारखायला येणार होते. पुढची संधी दोन वर्षांनी. उकंडरावांचं वय चौऱ्याहत्तर.

पेटीचा डोळाच कोणीतरी काढून नेला होता.

२

गावंड्यांचं घर कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमागच्या गल्लीत. पुढं राहतं घर, मागं कारखाना, वर गच्ची. कारखान्याच्या दारात उकंडराव खुर्ची टाकून बसले होते. दाराला कुलूप, किल्ली मुठीत.

"आता चिटपाखरू आत जाऊ देणार नाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

वरवट बकालच्या कांदेवाल्या घरातला हा माणूस. एकोणिसाव्या वर्षी उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका सरकारी दुर्बीण-कारखान्यात लागला आणि अडतीस वर्षं काच घासत राहिला. निवृत्तीनंतर लोक देवळाच्या ओट्यावर बसतात. यांनी फंडातून घासायची यंत्रं घेतली.

कुलूप उघडून दोघं आत गेले. भिंतीवर जुन्या कारखान्यातला एक फोटो होता, पांढऱ्या टोप्या घातलेल्या पन्नासेक माणसांचा. खाली टेबलावर पेटी, आणि पेटीच्या नळीवर तिचं काळं झाकण.

"झाकण तुम्ही परत लावलं?"

"काढलं तसं मीच लावलं. सकाळी आठ वाजता काढलं तं आत हे." उकंडरावांनी मलमलीची एक पांढरी घडी पुढं केली. "कोंबलेली होती. चोराचा माज पाहा. भिंग नेलं आन् चिंधी ठेवून गेला."

लक्ष्मीकांतांनी घडी उलगडली. धुतलेली, मऊ, एक सूतही सुटलेलं नाही. नळीत बोट फिरवलं, बोट कोरंच निघालं. भिंग धरून ठेवणारी आट्यांची कडी बाजूला नीट ठेवलेली होती. तिच्यावर ओरखडा नव्हता. तिच्या खाचांत बसणारा पाना आपल्या खिळ्यावर टांगलेला.

"भिंग कसं होतं, मले परत सांगा."

"पुरीएवढं. दोन काचा. एक फुगीर, एक खोलगट, जाती वेगळ्या. दोन्ही एकमेकीले राळेनं चिकटवलेल्या. सात महिने घासलं मी अन् हरिओमनं. काठावर पेन्सिलीनं माझा 'उ' हाय. नळीत बसलं का तो कोणाले दिसत नाई, पण घासणाऱ्यानं खूण कराची, ही आमची रीत." ते थांबले. "हरिओमनंच नेलं, लक्ष्मीकांतभाऊ. मले बोलवत नाई, पण त्यानंच नेलं."

"काऊन?"

"तो नागपूरचा राजकुमार, कंपनीचा दलाल. चारदा माझ्याकडं आला, चारदा हाकलला. काल दुपारी त्याची गाडी हरिओमच्या दुकानासमोर उभी होती. मी माझ्या डोळ्यानं पाह्यली. दिवेलागणीपर्यंत थांबतो, हिनं शपथ घातली म्हणून. मंग मी जातो ठाण्यात अन् त्याचं नाव लिहून देतो."

दाराबाहेर कोणीतरी श्वास आत ओढला. लक्ष्मीकांतांनी वळून पाहिलं. उंबऱ्यापलीकडं हरिओम उभा होता.

३

हरिओमचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. वय छत्तीस. आठ वर्षांपूर्वी उकंडरावांच्या चष्म्याची काच बसवताना त्यानं ती इतकी नीट घासली की म्हाताऱ्यानं त्याचा हात धरून विचारलं होतं, "तुले खरी काच शिकाची का बे?" तेव्हापासून तो दुकान बंद करून रोज इथं येई. पगार नाही, काही नाही.

"गाडी आलती," तो ओसरीवर बसून म्हणाला. "नोकरी देतो म्हणे. मी नाई म्हटलं. काकाजीले सांगतलं नाई, कारण त्यायले त्या माणसाचं नाव काढलं का रक्तदाब वाढते." त्यानं मान खाली घातली. "साहेब, ठाण्यात नाव गेलं तं माह्या दुकानात कोण येईन? पण त्याचं काई नाई. काकाजीले असं वाटलं, हेच लागलं."

"सकाळी शोधाशोध कोणी केली?"

"आम्ही तिघांनी. काकाजी, अनुपमाताई, मी. साडेआठपासून दहापर्यंत. यंत्राखाली, माळ्यावर, नाल्यात बी पाह्यलं. काकू आम्हाले पाणी अन् चहा देत होत्या."

"गच्ची?"

"काकू म्हणल्या, कुरडया टाकल्या हायेत, तुडवू नको. मी दारातूनच पाह्यलं. पांढरं धोतर, कुरडया, तिवई, तिच्यावर चुंबळ. बाकी काही नाई."

तेवढ्यात रुख्मिणीबाई ताट घेऊन आल्या. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. त्यांनी ते हरिओमसमोर ठेवलं. तो नको नको म्हणत असतानाच त्याची पहिली भाकर संपली आणि त्यांनी न विचारता दुसरी वाढली. आतून उकंडरावांनी हे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुपारी लक्ष्मीकांत स्टेशनजवळच्या लॉजवर जाऊन आले. राजकुमार बनियनवर पंख्याखाली बसला होता. आरोप ऐकून तो रागावला नाही, हसला.

"काका, नुसतं भिंग घेऊन मी काय करू? लोणचं घालू? मला ते बनवणारं डोकं पाहिजे, घासणारे हात पाहिजेत. ते विकत मिळत नाहीत, म्हणून तर चार खेपा झाल्या." तो थोडा गंभीर झाला. "आमच्याकडं शंभर इंजिनियर आहेत. गल्लीतल्या म्हाताऱ्यानं जे केलं ते आमच्याच्यानं अजून होत नाही. सोमवारी मी माळाच्या कडेला उभा राहून बघणार होतो, इतकंच."

लक्ष्मीकांतांनी आयुष्यभर खोटी मापं हाताळली होती. हे माप त्यांना खरं वाटलं. मग चोर उरला कोण? उकंडरावांची भाची अनुपमा, पेटीतली सगळी इलेक्ट्रॉनिक्स जिनं बांधली ती. आणि हरिओम म्हणाला होता की मागच्या आठवड्यात मामा-भाचीचं भांडण गल्लीभर ऐकू गेलं होतं.

४

"हो, भांडले," अनुपमा म्हणाली. पुण्याची नोकरी सोडून खामगावात परत आलेली ही मुलगी बोलताना हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवत नसे. "राळेवरून भांडले. मामा डोंगरातल्या कारखान्यात शिकले. तिथं उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. राळ तिथं चाळीस वर्षं टिकते. इथं मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देते! पेटी उन्हात ठेवली की राळ मऊ पडणार, काचा सरकणार. मी नवा डिंक मागवला. त्याला उजेडातले अतिनील किरण लागले की तो दगडासारखा घट्ट होतो, मग उन्हानं काही होत नाही. मामानं बाटलीला हातसुद्धा लावू दिला नाही. 'राळेनं जोडलेली दुर्बीण घेऊन आमची पोरं लढाया जिंकले,' म्हणे."

"कुठंय तो डिंक?"

"मामीच्या फ्रीजमध्ये. थंड ठेवावा लागतो."

दोघं स्वयंपाकघरात गेले. आत शिरताच लक्ष्मीकांत थबकले. कसलासा वास होता, अगदी पुसट. धुपासारखा.

"वहिनी, धूप जाळला का?"

"नाई बा." रुख्मिणीबाई देवघराच्या कोनाड्यापाशी वाती वळत बसल्या होत्या. मांडीजवळ वातींचा पितळी डबा होता. त्यांनी तो उचलून वरच्या फळीवर ठेवला. मोरीत एक पितळी पातेलं उपडं घातलेलं होतं, राखेनं घासून लख्ख.

कोथिंबिरीच्या जुडीमागून अनुपमानं दोन काळ्या बाटल्या काढल्या. दोन्ही दहा-दहा ग्रॅमच्या, दोन्ही न फोडलेल्या असायला हव्या होत्या. लक्ष्मीकांतांनी पिशवीतून काटा काढला, ओट्यावर मांडला. एक बाटली ठेवली. मग दुसरी.

दुसरी अर्ध्या ग्रॅमनं हलकी भरली. तिचं बूचही फिरवलेलं होतं.

"मी नाही उघडली!" अनुपमाचा चेहरा उतरला. "काल दुपारपासून रात्रीपर्यंत मी अकोल्याला होते, सुटा भाग आणायला."

"अर्ध्या ग्रॅममध्ये किती भिंगं जोडून होतात?"

तिनं मनात हिशेब केला. "एक. फक्त एक. काठावर ओघळलं ते पुसून टाकलं तर बरोबर एक." आणि मग तिच्या लक्षात आलं, ती लक्ष्मीकांतांकडं बघतच राहिली.

बुचाभोवती डिंक सांडला होता. तो पुसायला ती म्हणाली, "मामी, जरा कापूस द्या ना डब्यातला."

रुख्मिणीबाई उठल्या आणि कपाटातून दवाखान्यातली निळ्या कागदातली कापसाची गुंडाळी काढून त्यांनी दिली. लक्ष्मीकांतांनी ती गुंडाळी पाहिली. ज्या घरात शेतातला, हातानं वेचलेला कापूस फळीवर आहे, त्या घरची बाई दुकानातला कापूस देते? खामगावात?

त्यांनी काटा पिशवीत टाकला. "वहिनी, मी जरा गच्चीवर जाऊन येतो," इतकंच म्हणाले.

पुन्हा वाती वळायला बसलेल्या रुख्मिणीबाईंचा हात थांबला.

५

दुपारच्या चारलाही गच्ची पाय ठेवू देत नव्हती. लक्ष्मीकांत चपला दारात काढून पाण्यानं ओल्या केलेल्या पोत्यावर उभे राहिले. समोर पांढरं धोतर पसरलेलं, त्यावर कुरडयांच्या रांगा. कोपऱ्यात ती लोखंडी तिवई, वीतभर आणि वर चार बोटं उंच, आणि तिच्या कड्यावर कापडाची चुंबळ.

तिवई चुलीवर भांडं ठेवायला. कुरडयांचा चीक शिजतो तो खाली अंगणातल्या चुलीवर. मग भांडं नाही, चूल नाही, अशी ही तिवई जिना चढून वर कशाला आली?

त्यांनी तिवई उचलून बाजूला ठेवली. खालच्या धोतरावर एक रेघ होती. काळी, केसासारखी बारीक सुरू होऊन पुढं जाड झालेली, चार बोटं लांब. वाटेत एक कुरडई आली होती, तीही मधोमध करपून दुभंगली होती. बाजूच्या कुरडया मोत्यासारख्या पांढऱ्या.

विडीनं भोक पडतं, रेघ पडत नाही. ठिणगीनं डाग पडतो. सरळ, सावकाश, एकाच दिशेनं चालत जाणारी आग कोणती?

लक्ष्मीकांतांनी वर पाहिलं आणि डोळ्यांवर हात धरला.

शाळेत असताना आजोबांच्या चष्म्यानं त्यांनी कागद जाळले होते. सूर्य सरकेल तसा खालचा ठिपका सरकतो. तासाला पंधरा अंश. एवढ्या उंचीवरून तासाभरात ठिपका जाईल तो चार बोटं. म्हणजे एक पुरता तास त्या चुंबळीवर काहीतरी फुगीर, आरपार, पुरीएवढं निजून होतं. हरिओम दारातून बघत होता तेव्हाही ते तिथंच होतं. काचेतून पलीकडची भिंत दिसली की काच दिसत नाही.

आणि त्या तासात घरातली तिघं खाली नाल्यात हात घालून भिंग शोधत होती.

लक्ष्मीकांत मटकन पोत्यावर बसले. त्यांना हसू आलं.

६

दिवेलागणीला उकंडराव टोपी घालून ठाण्यात जायला तयार झाले. लक्ष्मीकांतांनी सगळ्यांना कारखान्यात बसवलं. हरिओम दाराजवळ, जमिनीकडं बघत.

"उकंडराव, चोर सापडला असं म्हणवत नाही, कारण चोरीच झाली नाही," लक्ष्मीकांत म्हणाले. "तुम्ही जिला चिंधी म्हणालात ती मलमल बघा. ज्याला भिंग विकायचंय तो रिकाम्या नळीत धूळ जाऊ नये म्हणून काळजी घेत नाही. त्याला ते परत बसवायचंय. मग फ्रीजमधला डिंक अर्धा ग्रॅम कमी भरला, एका भिंगापुरता. म्हणजे कोणीतरी तुमच्या दोन काचा सोडवून नव्यानं जोडल्या. सोडवायच्या तर राळ तापवायला लागते, आणि तापली की ती धुपासारखी दरवळते. स्वयंपाकघरात धूप न जाळता धुपाचा वास होता, आणि एक पातेलं गरजेपेक्षा जास्त घासलेलं होतं. जोडल्यावर डिंक उन्हात पक्का करायचा. त्याची खूण गच्चीवर कुरडयांत पडलीय, तासाभराची. त्या तासात तुम्ही तिघं खाली होता."

"मंग वर कोण होतं?" उकंडराव म्हणाले. "तिघाशिवाय घरात कोणीच नव्हतं."

"हेच ते. आपण सगळ्यांनी तिघंच मोजले." लक्ष्मीकांत वळले. "वहिनी, तुम्ही आज हरिओमला दुसरी भाकर न विचारता वाढलीत. घरचे त्याच्याकडं संशयानं बघत होते, तुमच्या नजरेत संशयाचा कणही नव्हता. तो निर्दोष आहे हे ठाऊक असलेलं माणूस घरात एकच असू शकतं. दिवा लावायची वेळ झाली. वातींचा डबा इथंच आणता का?"

रुख्मिणीबाई उठल्या, आत गेल्या आणि पितळी डबा दोन्ही हातांनी धरून घेऊन आल्या. वातींचा वरचा थर त्यांनी बाजूला केला. खालच्या कापसात भिंग होतं.

"रुख्मिणी, तू?" उकंडरावांचा आवाज चढला. "तू काचा सोडवल्या? तुले काय समजते त्यातलं?"

लक्ष्मीकांतांनी भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवलं. तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या टोपीखाली, अठ्ठावीस वर्षांच्या रुख्मिणीबाई होत्या.

"एकोणीस वर्षं होती मी जोडणी खात्यात," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "तुम्ही घासत, आम्ही बाया जोडत. घासणाऱ्याची खूण काठावर राहे. जोडणारीची कोणी ठेवली नाई, म्हणून तुमच्या बी ध्यानात नाई राह्यलं. बुधवारी पेटी पुसताना मले काठाले पिसारा दिसला. राळ सुटली का पडते तसा. अनुपमा खरं सांगून राह्यली होती. तुमाले सांगतलं असतं तं तुम्ही ऐकलं असतं का?"

उकंडरावांनी पेटीकडं पाहिलं.

"काल तुम्ही दुपारी झोपले तवा काढलं. सरकीच्या तेलात मंद ऊन करून काचा सोडवल्या, संध्याकाळी जोडल्या. आज रात्री तुम्ही झोपले का परत बसवणार होती, तं तुम्ही आजच सकाळी झाकण काढलं. मंग दारातच खुर्ची टाकून बसले. अन् दिवेलागणीपर्यंत जोड हलवाचा नव्हता. तुमच्या हाती दिलं असतं तं रागाच्या भरात ओढून पाह्यलं असतं." त्या हरिओमकडं वळल्या. "तुह्यावर नाव येईन हे माह्या मनात नव्हतं रे बाप्पा. म्हणून तं भाऊजीले बोलवलं. त्यायनं नसतं ओळखलं, तं दिवा लावून मीच सांगणार होती."

मग, थोडं लाजून, "एकोणीस वर्षं भिंगं जोडले, पण दिव्याखाली. उन्हात कधी ठेवलं नाई. सूर्य त्याच्यातून खाली उतरन, हे डोक्यातच नाई आलं. चांगलं धोतर जाळून बसली."

उकंडरावांनी भिंग काठानं उचललं, दिव्यासमोर धरलं, डोळ्याला सोनाराचं छोटं भिंग लावलं. खूप वेळ गेला. काठावरचा पेन्सिलीचा 'उ' दोन्ही काचांवरून सलग गेला होता. सोडवून परत जोडलेला असूनही त्यात कुठं तुटल्याची खूण नव्हती.

"बुडबुडा नाई," ते पुटपुटले. "धुळीचा कण नाई. पंखा बंद केला होता?"

"तीन तास. दारं-खिडक्या बी."

"मे महिन्यात?" ते खुर्चीवर बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "मले दिसला होता तो पिसारा. मागच्या सोमवारीच. मी म्हटलं, माह्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला असन. काच चुकली हे मानवत नव्हतं, डोळा चुकला हे मानून घेतलं." त्यांनी हरिओमला जवळ बोलावलं. हरिओम आला. म्हाताऱ्यानं त्याचे हात हातात घेतले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माफी दे बेटा. मी लय खालच्या पायरीवर गेलो." हरिओम नुसती मान हलवत राहिला.

मग उकंडरावांनी शर्टाची पेन्सिल काढली आणि बायकोपुढं धरली.

"हे कायले?"

"रीत हाय," ते म्हणाले.

७

सोमवारी जळंबच्या रस्त्याकडल्या माळावर पारा चव्वेचाळीसच्या वर गेला. पेटी दोन तास उघड्या उन्हात ठेवली होती, मुद्दाम. साताऱ्याकडचे एक कर्नल, त्यांच्यासोबत चार माणसं. दूर बाभळीत त्यांचा एक जवान नेम धरून पडला होता, कुठं ते फक्त त्यांनाच ठाऊक. माळाच्या कडेला राजकुमार घाम पुसत उभा होता.

अनुपमानं कळ दाबली. पडद्यावर नुसत्या बाभळी दिसल्या. हरिओमनं पेटी केसभर डावीकडं वळवली, आणि नऊशे मीटरवर एक तांबडी टिकली पेटली. टोकदार, स्वच्छ, कडा न पसरलेली.

कर्नलांनी वायरलेसवर काहीतरी सांगितलं. टिकली विझली. पुन्हा सांगितलं. पेटली. तीन वेळा. मग त्यांनी टोपी मागं सरकवली. "एवढ्या उन्हात आमची स्वतःची उपकरणं थकतात," ते म्हणाले. "जोड टिकला कसा? मला भिंग बघायचंय."

उकंडरावांनी कडी फिरवली आणि भिंग मलमलीवर काढून दिलं. कर्नलांनी ते उजेडात सगळीकडून फिरवलं. मग काठाशी आणून डोळे बारीक केले.

"इथं पेन्सिलीच्या दोन खुणा दिसतायत. एक 'उ'. हा तुमचा, तुम्ही मघाशी सांगितलंत. आणि हा 'रु'? हा कोणाचा?"

उकंडरावांनी हात लांबवून बाभळीच्या विरळ सावलीकडं दाखवलं. तिथं रुख्मिणीबाई ताकाचा हंडा घेऊन बसल्या होत्या. पदरानं वारा घेत होत्या आणि पडद्याकडं एकदाही बघत नव्हत्या.

"जोडणारीचा हाय, साहेब," ते म्हणाले. "ती नसती तं तुमच्या हातात दोन काचा असत्या. भिंग नसतं."

कर्नल सावलीकडं चालत गेले. त्यांनी टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. रुख्मिणीबाई गोंधळून उभ्या राहिल्या. काय करावं ते न सुचून त्यांनी हंड्यात पेला बुडवला आणि ताक पुढं केलं.